कुठल्या बाजूची खिडकी

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग आजारी कोण आहे?"

"कुणी नाही म्हटलं ना, सादाला. तिकीट दे. दार-एस-सलामचं. जायचं आणि यायचं."

किगोमा स्टेशनच्या तिकिटाच्या खिडकीत मी बावीस वर्षं बसतोय. दारचं तिकीट मागणाऱ्याला हे दोन प्रश्न मी विचारतोच. चौकशी म्हणून नव्हे, रीत म्हणून. दोन रात्री गाडीत हाडं खिळखिळी करून घेऊन माणूस उगाच कशाला जाईल? कुणी मेलेलं असतं, कुणी मरायला टेकलेलं असतं, नाहीतर कोर्टाची तारीख असते. त्यामुळे बी ताउसीचं (बी म्हणजे आमच्याकडे बाई) मला काही कळेना.

"मग कशाला चाललात?"

"बघायला."

"कुणाला?"

"कुणाला नाही रे. शहर बघायला. गुरुवारी पोचायचं, रविवारी परत निघायचं. तीन दिवस फिरायचं. झालं."

मागे रांगेत ताडतेलाचे डबे घेऊन उभा असलेला माणूस फिसकन हसला. मी तिकीट फाडलं.

बी ताउसीला आमच्या टेकडीवर कोण ओळखत नाही? सरकारी दवाखान्याच्या धोबीखान्यात तिनं एकतीस वर्षं चादरी धुतल्या. मागच्याच महिन्यात निवृत्त झाली. नवरा कधीच वारला, मुलगा म्वांझाला. बाई सडसडीत, ताठ, बोलायला तिखट. अशी बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी फिरायला निघते, ही बातमी मी पोटात कशी ठेवणार? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. जेवताना मी बायकोला सांगितलं.

म्वानाइदीनं मक्याच्या उगालीचा घास मोडता मोडता हात थांबवला. "फिरायला? बाई एकटी फिरायला जाते त्याची दोनच कारणं असतात. एक तर पुरुष, नाहीतर रोग. आणि या वयात पुरुष म्हणशील तर..."

"ती म्हणाली शहर बघायला."

"म्हणणारच. दवाखान्यातली बाई. तिला काय झालंय ते तिलाच आधी कळणार. वाळलीय किती, पाहिलंस?"

खरं सांगतो, तोपर्यंत मला ती वाळलेली वाटली नव्हती. त्यानंतर वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी नळावर गेली, दुपारी मशिदीत आणि संध्याकाळी मासळीबाजारात. बी ताउसीला मोठा आजार झालाय, दारच्या मोठ्या इस्पितळात चाललीय, आणि बिचारी कुणाला त्रास नको म्हणून फिरायला जाते म्हणून सांगतेय. हे शेवटचं सगळ्यांना फार आवडलं. बायका डोळे पुसायला लागल्या.

तिला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. ती रोज माझ्या खिडकीशी यायची आणि नवं काहीतरी विचारायची. जागा कुठल्या बाजूची? शहर कुठल्या बाजूनं आधी दिसतं? मी एकदा प्रशिक्षणाला दारला गेलो होतो. वसतिगृह आणि त्यासमोरची चहाची टपरी, एवढंच मी पाहिलं होतं. पण खिडकीत बसणाऱ्याला माहीत नाही असं म्हणता येत नाही. मी ठोकून दिलं, "उजवीकडून. उजवीकडची खिडकी घ्या. आधी दिवे दिसतात, मग इमारती."

"उजवीकडची म्हणजे इथं निघताना कुठली?"

"फलाटाच्या पलीकडची."

तिनं ते लिहून घेतलं. धोबीखान्याच्या जुन्या पावतीच्या पाठीवर तिनं बेत आखला होता. पहिला दिवस: पलीकडच्या काठाला जाणारी होडी, जायचं आणि यायचं, उतरायचं नाही. दुसरा दिवस: उंच इमारती, मासळीबाजार. तिसरा दिवस: समुद्र, खारट आहे का ते. आणि खाली, वेगळं: मोठं इस्पितळ, बाहेरून.

"सादाला, एक विचारू? हसू नकोस."

"विचारा."

"बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय? उभं राहून बघायचं की बसून? आणि किती वेळ? लोक म्हणतील ना, ही बाई इथं काय करतेय?"

मी हसलो नाही. हात सतत कामात असलेल्या माणसाला असा प्रश्न पडतोच. ती खिडकीच्या कडेवरची धूळ पदरानं पुसत उभी होती.

"एकतीस वर्षं मी पेशंट बांधून दिलेत त्या गाडीत," ती म्हणाली. "माझ्याच चादरीत. परत आले त्यांना विचारायचे, दारला काय पाहिलंत? म्हणायचे, छत. पांढरं होतं. एवढंच. सगळे आजारी होऊन गेले. म्हटलं, आपण एकदा धडधाकट असताना जाऊन बघावं."

आणि याच बाईला लोक रस्त्यात "पोले, बी, पोले" म्हणून हळहळायला लागले होते. पोले म्हणजे वाईट वाटतं; पाय ठेचला तरी पोले, माणूस गेलं तरी पोले. पण तिला कळेना, आपल्याला का. तिसऱ्या दिवशी कळलं. रविवारी ती मला शोधत घरी आली आणि माझं मनगट धरून मला तिच्या अंगणात घेऊन गेली.

अंगणात सहा कोंबड्या पाय बांधून पडल्या होत्या.

"या तुझ्या तोंडाच्या कोंबड्या," ती म्हणाली. "सकाळपासून येताहेत. परत द्यायला गेले तर म्हणतात, बिचारीच्या मनाला मानवत नाही अजून. शिंप्यानं सांगितलं, वीस वर्षांपूर्वी तुझं कापड मी चोरलं होतं, माफ कर. मौलवी दुवा मागून गेले. मी शिंकले तर शेजारीण रडली! आता हे निस्तर."

"मी सांगतो सगळ्यांना..."

"तू? तू आता तोंड उघडूच नकोस."

तेवढ्यात फाटक वाजलं. सिकुजुआ उभी होती. हातात पेजेचं भांडं.

सिकुजुआ म्हणजे तिची धाकटी बहीण. घर गल्लीच्या पलीकडे, पण नऊ वर्षं या फाटकातून आत आली नव्हती. त्यांची आई आजारी पडली तेव्हा सिकुजुआनं तिला दारला न्यायचं ठरवलं होतं. तिकिटं मीच फाडली होती. ताउसी म्हणाली, नाही, प्रवास झेपायचा नाही. आई इथंच गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. म्हणजे तोंडानं बंद. कांगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं सुती कापड, त्याच्या काठावर एक ओळ छापलेली असते, आणि आमच्या बायका तोंडानं जे बोलत नाहीत ते कांगा नेसून बोलतात. सिकुजुआ नळावर यायची ती 'जिला कळतं सारं, तिच्या दारी वारं' असा कांगा नेसून. दुसऱ्या दिवशी ताउसी नेसायची, 'कुत्रं भुंकतं, गाडी जाते'. नऊ वर्षं कापडवाल्याची चांदी झाली. एक कांगा मात्र दोघींपैकी कुणीच कधी नेसला नाही. आईच्या पेटीत एक न कापलेला जोड सापडला होता. तो मधून कापून दोघींनी अर्धा अर्धा घेतला होता. त्यावर लिहिलं होतं, 'जाताना सांगून जा'.

त्या दिवशी सिकुजुआच्या अंगावर बिनओळीचा साधा कपडा होता.

"ताई," ती म्हणाली, "मी येते बरोबर. बोचकं बांधलंय. त्या इस्पितळात एकटी नाही जायचं तू." मग माझ्याकडे बघून, "तिच्या शेजारची जागा आहे ना रे रिकामी?"

मी मान हलवली. ताउसीनं भांडं घेतलं, पेज वाटीत ओतली आणि प्यायली. पूर्ण. मी तिच्याकडे बघून डोळ्यांनी खुणावत होतो, की बाई, गप्प राहा. जन्मात पहिल्यांदा मला वाटत होतं की कुणीतरी काहीतरी सांगू नये. दारला पोचल्यावर बघता येईल. नऊ वर्षांनी बहीण आलीय.

ताउसीनं वाटी खाली ठेवली. "सिकु, मला काही झालेलं नाही."

"असं सगळेच म्हणतात."

"खरंच काही नाही. हा मूर्ख काहीतरी बोलला. मी शहर बघायला चाललेय. फिरायला."

सिकुजुआनं त्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फिरायला."

"हो."

"आईला गाडीत पाऊल ठेवू दिलं नाहीस. आणि तू तिथं फिरायला चाललीस?"

"आई वाटेतल्या टाबोरापर्यंतसुद्धा पोचली नसती, सिकु. मी बघत होते ना रोज तसले पेशंट."

"ते देवाला ठरवू द्यायचं होतंस. तू ठरवलंस." तिनं कोंबड्यांकडे पाहिलं. "आणि मी तुझ्यासाठी रात्रभर रडले."

ती गेली. फाटक उघडं राहिलं, भांडंही तिथंच राहिलं.

सोमवारी ताउसी खिडकीशी आली तेव्हा तिच्या हातात तिकीट होतं. "परत घेतोस का रे?" मग लगेच, "नको, राहू दे." मग बाकावर जाऊन बसली, उठली, परत आली. मी रजिस्टर मिटून बाहेर आलो आणि तिच्या शेजारी बसलो.

"मी खोटं बोलले असते तर आली असती ती," ती म्हणाली. "पण मग इस्पितळाच्या दारात उभं राहून काय सांगितलं असतं तिला? आईला जिथं जाऊ दिलं नाही त्या जागेवरून खोटं?"

"त्या बेतात इस्पितळ कशाला घातलंत? बाहेरून?"

तिनं तिकीट पिशवीत ठेवलं. "मला ती इमारत बघायचीय. आईला नेली असती तर कुठं नेली असती ते. मी बरोबर केलं की चूक, हे भिंतीकडे बघून कळत नाही, ठाऊक आहे मला. तरी बघायचीय." तिनं पिशवीतून सिकुजुआचं भांडं काढलं. घासून लख्ख केलेलं, आत साखर. "हे तिच्या ओसरीवर ठेव. रिकामं भांडं परत करू नये. आणि तोंड बंद ठेव."

मंगळवारी दुपारी मी भांडं ठेवायला गेलो. सिकुजुआ कसावा सोलत होती, वर बघितलं नाही. मला भांडं ठेवून निघायचं होतं. पण माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणालो, "गाडी पाचची आहे." आणि मग इस्पितळाचं सगळं सांगून टाकलं. बाहेरून बघायचं ते, भिंतीचं ते, सगळं. ती सोलत राहिली. मी गेलो.

पावणेपाचला ताउसी फलाटावर आली. आईच्या कांग्याचा तिचा अर्धा भाग तिनं नेसला होता. मी बघितलं, बोललो नाही. तिनं दोनदा फलाटाच्या टोकापर्यंत बघितलं. डब्यात चढली आणि मी सांगितलेल्या उजवीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. फलाटाच्या पलीकडच्या. मधल्या मार्गात सुकटीची पोती रचली होती, माणसं उभी होती. इकडून तिकडचं काही दिसत नव्हतं.

गाडीनं शिट्टी दिली, डबे हलले, आणि तेव्हा मला सिकुजुआ दिसली. टेकडीच्या पायऱ्यांवरून धावत येत होती. पन्नाशीची बाई, एका हातात चपला. ती फलाटावर पोचली तेव्हा गाडी चालू लागली होती. ती एकेका खिडकीत बघत बघत शेजारून चालली, मग गाडी वेगात गेली आणि ती थांबली. तिच्या अंगावर आईच्या कांग्याचा दुसरा अर्धा भाग होता. तो जोड नऊ वर्षांनी एका ठिकाणी आला होता आणि पूर्ण बघितला तो फक्त मी. ज्यानं ती बाजू सांगितली त्या गाढवानं.

शेवटचा डबा वळणाआड गेला. सिकुजुआ माझ्याकडे आली. धाप लागली होती.

"कुठल्या बाजूला बसलीय ती?"

बावीस वर्षांत मी कुणाला चुकीची जागा सांगितली नाही. मी म्हणालो, "याच बाजूला."

"मग मला दिसली कशी नाही?"

"तिसऱ्या खिडकीत. माणसं होती पुढं. पण तिनं बघितलं तुला."

"बघितलं?"

"बघितलं. कांगासुद्धा बघितला."

"मग हात का नाही केला?"

"दोन्ही हात डोळ्यांना लावले होते," मी म्हणालो.

सिकुजुआनं चपला खाली टाकल्या, एकेक करून पायात घातल्या. कांग्याचं टोक सारखं केलं, ओळ पुढं येईल असं. मग पायऱ्या चढून घरी गेली, सावकाश.

गाडी उद्या, मंगळवारी दुपारी परत येते. सिकुजुआ ताउसीला उतरवून घ्यायला येणार आहे, तसं तिनं नळावर सांगितलंय. म्हणून मी किगोमाच्या अलीकडच्या कुलुंबा स्टेशनवर जाऊन आधीच डब्यात चढायचं ठरवलंय. दोघी भेटायच्या आत मला ताउसीला त्या तिसऱ्या खिडकीची एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी आठवडाभर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही.