शासकीय शुल्कात

पिरंगुटच्या बाजारात शैलेशच्या सेवा केंद्रावर पाटी आहे : ‘आयकर रिटर्न शासकीय शुल्कात भरून मिळेल.’ विधान तपासू. मुदतीत विवरणपत्र दाखल करणाऱ्याकडून शासन आपल्या पोर्टलवर छदामही घेत नाही. शासकीय शुल्क शून्य. तेव्हा पाटी खरी मानली, तर शैलेश अन्नछत्र चालवतो. त्याच्या गल्ल्याचे मत निराळे आहे. सारा व्यवहार उभा आहे तो ‘भरणे’ या क्रियापदावर. मराठीत अर्जही भरतात आणि पैसेही भरतात; एक भरताना दुसरे भरावेच लागते, ही समजूत भाषेनेच करून दिलेली. शैलेशने ती केवळ मोडली नाही.

निलोफर माझी शेजारीण. घोटावड्याच्या कारखान्यात सुटे भाग तपासते. तिला बाजारातल्या गाळ्यात बेकरी काढायची आहे. जुनी विवरणपत्रे सोमवारपर्यंत न दिल्यास बँक कर्जाचा अर्ज परत पाठवणार आणि गाळा दुसऱ्याला जाणार. ती विवरणपत्रे शैलेशनेच भरलेली; मागायला आम्ही दोघे केंद्रावर गेलो.

“पासवर्ड गोपनीय असतो, ताई,” शैलेश म्हणाला.

“माझाच हाय ना?”

“म्हणून तर जपून ठेवलाय. फी भरा, लगेच काढून देतो.”

“मागल्या साली भरली ती कुणाला गेली?”

“सरकारला.”

“मग सरकारची पावती दे.”

शैलेश प्रिंटरकडे पाहू लागला. प्रिंटर बंद होता.

निलोफर तिथल्याच बाकावर बसली आणि तिने स्वतःच्या मोबाइलवर पोर्टल उघडले. ‘पासवर्ड विसरलात?’ असे पोर्टलने विचारले.

“इसरले न्हाई बाबा, मला कुणी सांगितलाच न्हाई,” ती पुटपुटली.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर तिचाच होता. ओटीपी आला, नवा पासवर्ड झाला, खाते उघडले. त्यात संपर्काचा नंबर मात्र परका. तिने तो मोठ्याने वाचला. पाटीवर, शासकीय शुल्काच्या खाली, तोच ठळक रंगवलेला होता. तिने तो बदलला आणि विवरणपत्रे उतरवून घेतली.

बाकावर खोळंबलेले विठ्ठलराव सरकून जवळ आले. “पोरी, माझ्यात कुणाचा हाय बघ गं.”

त्यांच्यातही तोच.

मी शैलेशला कारण विचारले. त्याचे उत्तर अक्षराचाही फेरफार न करता देतो :

“सर, सरकार काय घेत न्हाई, म्हायतीये मला. पण सगळ्यांना माझाच नंबर टाकला न्हाई, तर पुढल्या साली हितं येईल कोण?”