आंब्याच्या सालीची कावीळ

माझी बायको विमला गेली. ती बातमी घेऊन मी मुंबईहून गावात उतरलो, तेव्हा केरू भगताच्या अंगणात कावीळ उतरवून घ्यायला माणसांची गर्दी होती. मी अलोऱ्याला कामावर असताना सासूबाईंनी विमलाला याच अंगणात आणून बसवलं होतं; मुंबईच्या इस्पितळात मी तिला नेली ती त्यानंतर.

आता पाटावर सावित्रीवहिनींची मैना होती. पांढरीफटक, हिरड्यांतून रक्त. विमलाचंही असंच सुरू झालं होतं. केरू तिचे हात परातीतल्या चुन्याच्या निवळीत चोळत होता. पाणी पिवळं झालं, तशी माणसं हात जोडू लागली.

"बघा कशी सुटतेय. पार हाडात बसलेली. दाक्तरचा बाप हिला हलवायचा नाय."

त्याने परात ओतली आणि त्याच हातांनी नाक शिंकरलं.

"काशीरामभाऊ, वैनीला बरं हाय ना?" कुणीतरी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

केरूने मानही वळवली नाही. "मी कावीळ काढली होती वो. मुंबईच्या सुयांनी गेली ती."

मी मैनेला उठवलं, पाटावर बसलो. "माझी काढ."

एवढ्या माणसांत त्याला नाही म्हणता येईना. पाणी पिवळं झालं.

"बघ, तुलापण हाय. छुपी."

"मग आता गुरुजींची काढ. पण आधी साबणाने हात धू."

"मंत्र जातो."

"मंत्र तोंडात असतो की तळव्याला?" शाळेचे राजाभाऊ गुरुजी पुढे आले. माणसं हसली. गुरुजींनी अंगणातल्याच आंब्याची साल काढून ठेचली, रस तळहातांना चोळून वाळवला आणि हात नव्या निवळीत घातले. पाणी पिवळं झालं. "सालीचा रस चुन्याला लागला की हा रंग येतो. हा तो आधीच हातांना चोळून बसतो. सगळा गाव आंब्याच्या कलमांत राबतो, आणि हे कुणी करून बघितलं नाही."

"मग विमलावैनीला काय झालेलं?" सावित्रीवहिनींनी विचारलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी मला समजावलं होतं, तेच मी सांगितलं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात बनतं. पेशी आधी कच्च्या असतात, मग तयार होऊन कामाला लागतात. प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे तिने कधी काय करायचं त्याच्या सूचना. कच्चेपणीची सूचना वेळेवर बंद व्हावी लागते. विमलाच्या पेशींत ती नको तिथे चालूच राहिली. पेशी तयार होईनात, कच्च्याच वाढत गेल्या. चांगल्या रक्ताला जागा उरली नाही. हा रक्ताचा कर्करोग. सूचना कशाने बिघडते ते अजून पुरतं कळलेलं नाही, असंही डॉक्टर म्हणाले. लवकर आणली असती तर वाचलीच असती, असं ते म्हणाले नाहीत. उपचाराला वेळ मिळाला असता, एवढंच म्हणाले. केरूला मात्र सगळंच कळत होतं.

मैनेला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन बघितल्याशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही, परातीत तर नाहीच. पोर पांढरी पडली, हिरड्यांतून रक्त आलं, तर आधी रक्त तपासा. मग ज्याच्या पाया पडायचं त्याच्या पडा.

वहिनी पोरीला घेऊन रत्नागिरीला निघायला तयार होत्या. त्यांची सासू म्हणाली, आधी देवाला कौल लावू.

केरू आता मिरजोळे गावात कावीळ काढायला बसतो. मैनेचं रक्त अजून तपासलेलं नाही.