ओबोचं पान

आल्मोसेरा गावात एक रीत होती. गावच्या वाद्यवृंदातला कुणी वादक गेला की त्याच्या सगळ्यात लाडक्या रचनेचं, त्याच्या वाद्यापुरतं लिहिलेलं पान त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचं आणि मगच पेटी बंद करायची. अर्थात आधी त्याची नक्कल उतरवून घ्यायची, नाहीतर एकेका माणसाबरोबर एकेक रचना मातीत जायची.

ओबो वाजवणाऱ्या सेन्तोच्या वेळी नक्कल उतरवायची राहिली.

शहरातल्या वाद्यवृंदाची माएस्त्रा, म्हणजे संचालिका, एल्विरा हिला हे कळलं तेव्हा गावच्या संगीत मंडळाच्या कपाटासमोर ती जमिनीवर बसली होती. ल्योरेन्स या विस्मृतीत गेलेल्या संगीतकाराच्या सिंफनीची बावीस वाद्यांची पानं तिने भोवती ओळीने मांडली होती. ओबोची जागा तेवढी रिकामी होती.

"ओबो कुठंय, कीको?"

कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे म्हातारे कीको खिडकीबाहेर बघत राहिले. "सेन्तोच्या खिशात."

"काय?"

"चौदा वर्षं झाली, माएस्त्रा. त्याच दिवशी संताची मिरवणूक. बाराला माती द्यायची, एकला वाजवायचं. मला वाटलं नक्कल ढोलवाल्यानं केली, त्याला वाटलं मी केली."

"आणि तुम्ही चौदा वर्षं तोंड शिवून बसलात?"

"कुणी विचारलंच नाही. ल्योरेन्सला विचारतो कोण? तुम्हीच पहिल्या."

हे मात्र खरं होतं. एल्विराचं सगळं आयुष्य अशाच, कुणी न विचारलेल्या माणसांमागे गेलं होतं. चर्चच्या पोटमाळ्यांवरून, विधवांच्या ट्रंकांतून तिने त्यांची पानं शोधायची, धूळ झटकायची, एखाद्या शहरात एकदा वाजवायची. टाळ्या पडायच्या, वर्तमानपत्रात चार ओळी यायच्या आणि पुढच्या वर्षी ते शहर पुन्हा त्याच दोन-तीन जर्मन संगीतकारांकडे वळायचं. सतरा संगीतकारांचे वाढदिवस तिला पाठ होते. तिचा वाढदिवस मात्र गेल्या मंगळवारी होऊन गेला, त्या दिवशी तिने उपाहारगृहात एकासाठी भात मागवला, तर वेटर म्हणाला, "दोघांच्या खाली पातेलं चढत नाही, बाई."

सिंफनीची सगळ्या वाद्यांची एकत्र संहिता युद्धात जळाली होती. उरली होती ती ही सुटी पानं. त्यातही संथ भागात बाकीचे सगळे नुसते खालून आधार देत राहतात. चाल एकटा ओबो वाजवतो, आपल्या सनईच्या नात्यातलं हे वाद्य. आणि दहा दिवसांनी तिचा वाद्यवृंद शहरातून इथेच, मंडळाच्या सभागृहात वाजवायला येणार होता.

"तुम्हीच लिहून टाका की," कीको हळूच म्हणाले. "तुमच्याइतका तो कुणाला कळलाय? कुणाला कळणारही नाही."

तिने लिहिलं. चार सकाळी खपून लिहिलं. चाल आधारावर अशी अलगद बसली की तिचं तिलाच नवल वाटलं. आयुष्यभर ती दुसऱ्यांचंच वाजवत आली होती. आपल्या आतही काही असेल, हे तिने कधी चाचपलंच नव्हतं.

मग ती सेन्तोच्या बायकोकडे गेली. फिनामावशी दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होती.

"कबर उघडायचं म्हणत असशील तर आधी मला आत घाल," एल्विराने तोंड उघडायच्या आधीच तिने बजावलं.

"नाही मावशी. फक्त एक ऐका." आणि एल्विराने ती चाल गाऊन दाखवली.

फिनामावशीचे हात थांबले. "गोड आहे गं. कुणाचं?"

"ल्योरेन्सचं."

"छट्! त्याचं मी तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंय. हे तुझं दिसतंय."

एल्विराचे कान तापले. "मग त्याचं कसं होतं?"

म्हातारीने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मांडीवरची टोपली कलंडून शेंगा पायरीवर सांडल्या, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"रोजचंच होतं ना," ती पुटपुटली. "रोजचं कोण ध्यानात ठेवतं? मी तर ओरडायचे, सेन्तो, पुरे, जेवण निवतंय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "कडेकडेनं आहे अजून काहीतरी कानात. तुझं वाजवलंस तर मला तेच आठवायला लागेल बघ. मग तेवढंही जाईल."

एल्विरा खाली वाकून एकेक शेंग गोळा करत राहिली. टोपली भरून झाल्यावर तिने पर्समधला, आपली चाल लिहिलेला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि पुन्हा आत सारला.

"नाही वाजवत," ती म्हणाली.

कीको चिडले. "रिकामा आधार ऐकवणार लोकांना? हसतील, माएस्त्रा!"

"हसू देत."

कार्यक्रमाच्या दिवशी संथ भाग आला तसा ओबोवाल्या मुलीने सांगितल्याप्रमाणे ओबो मांडीवर आडवा ठेवला. व्हायोलिनं हलकेच चालू लागली, हॉर्न दुरून हुंकारले आणि मधली जागा तशीच उघडी राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, "त्या ओबोवाल्या पोरीला झोप लागली की काय?" कुणी हसलं. एल्विराचा हात ओबोच्या जागी येई, थबके, एका श्वासाची वाट बघे आणि पुढे जाई. तिच्या मनात तिची स्वतःची चाल अखंड वाजत होती. तिला गप्प करणंच त्या दिवशी सगळ्यात जड होतं.

तिसऱ्या रांगेत फिनामावशीने एका ठिकाणी मान किंचित डावीकडे कलवली, पलीकडच्या खोलीत कुणी आहे का, याचा कानोसा घ्यावा तशी. मग तिचे ओठ गुणगुणल्यासारखे हलले.

एल्विराची पाठ सभागृहाकडे होती. तिला ते दिसलं नाही.