सतरा नंबरचा बिल्ला

“सर, चेहरा बघून चोर ओळखता येतो का?”

मैत्रिणींमधली पैज कचोरीची होती. मधल्या सुट्टीत रूपाने प्रश्न दिला, विधीने “तुला नाही जमायचं” म्हणून डिवचलं, आणि आयुषी मानसशास्त्राच्या तासाला उभी राहिली. वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून तिला उभं राहायला निमित्तच हवं असायचं.

“तुला काय वाटतं?” योगेंद्र सरांनी विचारलं.

“येतो ना सर. माझे पप्पा ओळखतात. मीपण ओळखते.”

अकरावीचा सगळा वर्ग हसला. तिलाही ते आवडलं. दर रविवारी ती पप्पांच्या साडीच्या दुकानात दाराशी स्टुलावर बसायची. गल्ल्यावरून पप्पांनी, म्हणजे पारसमल शेठनी, नुसती भुवई उडवली, की आयुषी त्या बाईची पिशवी ठेवून घ्यायची आणि हातात पितळी बिल्ला द्यायची. भुवई हलली नाही, तर बाई पिशवीसकट आत. हल्ली तर तिला भुवईचीही गरज उरली नव्हती. पोरीला माझी नजर आलीय, असं पप्पा अख्ख्या बाजारात सांगत फिरायचे.

“मग सांग,” सर म्हणाले, “या वर्गातले खडू कोण पळवतं?”

आयुषी हसत मागे वळली. आणि तिचे डोळे, तिने न सांगताच, शेवटच्या बाकावर गेले. वसतिगृहातली तीन पोरं तिथे बसली होती. तिघांनीही माना खाली घातल्या. जणू सवयच होती त्यांना.

“खडू मी नेतो,” सर म्हणाले. “धाकटीला घरी भिंती रंगवायला लागतात.”

मग त्यांनी सांगितलं, की दीडशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरने तुरुंगात जाऊन कैद्यांची डोकी, जबडे, कान, हात मोजले आणि ठरवून टाकलं, ही माणसं जन्मतःच गुन्हेगार. पुढे इंग्लंडमध्ये एकाने कैद्यांबरोबर बाहेरचे विद्यार्थी, सैनिकही मोजले. फारसा फरक सापडलाच नाही. “आपल्याकडे तर इंग्रजांनी मोजायचीही तसदी घेतली नाही. अख्ख्या जमातीच कायद्याने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा बावन्न साली गेला. नजर गेली का, ते तुम्ही बघा.”

कचोरीच्या गाडीवर आयुषीने जिंकलेली कचोरी तशीच बाजूला ठेवली.

“हाच प्रश्न का दिलास गं?” तिने रूपाला विचारलं. रूपा जळगावात मामाकडे राहायची. घर धुळ्याजवळच्या खेड्यात.

रूपाने कचोरीचा तुकडा चटणीत बुडवला. तो तसाच धरून ठेवला. “मागच्या रविवारी आई आली होती. मावशीच्या लग्नाची साडी घ्यायला. म्हणाली, तुझ्या मैत्रिणीच्याच दुकानात जाते.”

“मग ओळख का नाही दिली?”

“देणार होती. तू आधी सतरा नंबर दिलास.”

आयुषीला आठवलं. काळ्यासावळ्या, रुंद जबड्याच्या, कपाळभर गोंदलेल्या एक बाई. भुवई उडायच्या आधीच तिने पिशवीला हात घातला होता.

“घरी येऊन म्हणाली, पोर गोड शे, पन तिले मनी पिशवीच दिसनी. तुला तिची पिशवी दिसली, ती नाही. पिशवीत तुझ्यासाठी मुगाचे लाडू होते. परत आणले तिने.”

“माझ्या मम्मीला तर कधीच बिल्ला नाही मिळाला,” विधी सहज बोलून गेली.

“लाडू संपले,” रूपा म्हणाली. “हवे असतील तर गावी यावं लागेल.”

आयुषीने स्कूटी घराकडे न नेता दुकानाकडे घातली, दारातल्या खिळ्यावरचा एक बिल्ला खिशात टाकला, आणि तरीही घरी जाववेना म्हणून बाजाराला दोन फेऱ्या मारल्या. घरी पोचली तेव्हा पानं वाढलेली होती. त्यांच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असे.

“पाय हलवू नकोस, जेव,” पप्पा म्हणाले. “दहा मिनिटं राहिली.”

“पप्पा, दिवाळीत दुकानातून दोन पैठण्या कोणी चोरून नेल्या?”

“तो विषय आत्ता कशाला?”

कॅमेऱ्यात दिसलं होतं ते तिघांनाही पाठ होतं. गाडीतून उतरलेली, कानात हिरे घातलेली बाई. तिची पिशवी कोणी मागितलीच नव्हती.

“बिचारीला घरात काही त्रास असेल,” मम्मी म्हणाली.

“बघ मम्मी. हिऱ्यांवालीला त्रास असतो. बिल्लेवालीचा चेहराच तसा असतो.”

“धंद्यात पारखी नजर लागते, बेटा,” पप्पा म्हणाले.

“आपण त्याच त्याच पिशव्या धरतो. बाकीच्यांकडे बघतच नाही. मग आपली नजर बरोबर आहे, हे ठरवलं कुणी?”

पप्पांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन समोरच्या गच्चीवरून उतरायला लागलं होतं. आयुषीने सतरा नंबरचा बिल्ला ताटाशेजारी ठेवला. आवाज वक्तृत्वाचाच लागला.

“या रविवारी मी दारात बसणार नाही. सकाळच्या एसटीने रूपाबरोबर धुळ्याला जातेय. तिच्या आईची माफी मागायचीय. त्याच्या पुढच्या रविवारी बसेन, पण मग येईल त्या प्रत्येकीची पिशवी ठेवून घेईन. सुरुवात विधीच्या मम्मीपासून.”