मागून येणारं घर

आरशाला सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी गुंडाळलेली होती. ती सैल पडल्यामुळे आरसा थरथरत होता आणि आरशातलं ते पांढरं धूडही थरथरत होतं – जवळ येतंय की लांब राहतंय, नीट कळूच नये असं. मनिषानं दोनदा मान फिरवून सोयाबीनकडे बघत राहायचा प्रयत्न केला. पण आरसा तिच्याच बाजूला होता, लातूर सुटल्यापासून तिच्याच बाजूला. पिकअपच्या मूळच्या आरशात मागचं दिसत नाही म्हणून नवऱ्यानं, आनंदराजनं, हा वेगळा, लांब दांडीचा लावून घेतला होता, आणि अधूनमधून तो तिच्या अंगावरून पलीकडे वाकून त्यात बघायचा आणि हसायचा, रांगतं लेकरू मागे येतंय का बघावं तसा. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"येतंय ना मागं?" तो म्हणाला.

"जाईल कुठं," ती म्हणाली.

मागे जोडलेल्या त्या चाकांवरच्या घराला आनंदराज डबा म्हणायचा. म्हणणारच, सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेली. गार्ड. पुढे इंजिन ओढतंय, मागे हा एकटा बसलाय, पूर्ण्याला नाहीतर मुदखेडला कुठल्यातरी बाजूच्या रुळावर ताटकळतोय... आणि इकडे नांदेडात मनिषा एकटी स्लॅबवर पाणी मारतेय. घर तिनं उभं केलं होतं. पोरांना शाळेत शिकवून आली की तशीच पदर खोचून प्लॉटवर. मिस्त्री म्हणायचा, बाई, बसा की सावलीला. तर ती त्यालाच ओळंबा लावून दाखव म्हणायची. आनंदराजला त्या घराचा पत्ता माहीत होता, एवढंच. आणि आता रिटायर झाल्यावर त्याला फिरायचं होतं. अरे, जन्मभर दुसरं काय केलंस बाबा – मनातल्या मनात ती त्याला अरेतुरे करायची, मोठ्यानं कधी नाही.

आधी किनवटचं जंगल, मग नागपूर, मग सांची, बोधगया, लुंबिनी. वर्षभर. ही जुनी पिकअप पुढे आणि हा डबा मागे, त्यात झोपायचं, त्यातच शिजवायचं. लुंबिनीचं नाव घातल्यावर ही नाही कशी म्हणेल, एवढा हिशेब त्याला बरोबर कळत होता. पुण्याहून प्रियदर्शनीनं फोनवर सांगितलं, आई, बाबा किती भारी आहेत गं, माझ्या मैत्रिणींचे बाबा नुसते टीव्हीसमोर बसतात. लेकसुद्धा त्याच्याच बाजूची. मनिषाला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं... पडद्याचा रंग.

तरी ती गप्प होती. म्हटलं, हौस आहे, दोन महिने फिरेल, गुडघे बोलायला लागले की आपोआप घरी येऊन बसेल. घर तर आहेच. आज सकाळपर्यंत ती असंच धरून चालली होती. मग लातूरला, डबा बांधून देणाऱ्या वीरेशच्या वर्कशॉपमध्ये, तो आणि आनंदराज डब्याखाली वाकून काहीतरी बघत असताना, वीरेशच्या आईनं, दानम्मानं, तिला आत नेऊन चहा दिला आणि भाबडेपणानं म्हणाली, "घर भाड्यानं दिलंत म्हनं, बँकेतल्या सायेबाला. तुमचे मालक परवा सांगत होते वीरेशला. बरं केलं बाई. बंद घराला वाळवी लागती."

मनिषानं चहा पुरा प्यायला. बशीत सांडलेलासुद्धा प्यायला. "हो," म्हणाली, "बरंच केलं." दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या आईकडून, स्वतःच्या घराची बातमी ऐकायची, आणि वर हो म्हणायचं. बाहेर आली तर आनंदराज डब्यातला नळ सोडून दाखवत होता, बघ, धो-धो पाणी. वीरेश कपाळाला हात लावून म्हणत होता, "काका, टाकी मागच्या अंगाला हाय. भरून पळवू नका. वजन मागं गेलं की शेपूट हालवतंय ते." त्यावर आनंदराज म्हणाला, "असू दे रे. काकूला दाखवायचंय." आणि टाकी काठोकाठ भरली.

चाकूर मागे पडलं. आरशातलं धूड एकदा डावीकडे गेलं. मग उजवीकडे. हे आरशाचं थरथरणं नव्हतं. पुन्हा डावीकडे, जरा जास्त... मनिषाला ते स्पष्ट दिसत होतं आणि का होतंय तेही कळत होतं. सांगायला हवं होतं. अहो, हळू घ्या – एवढंच. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. हालू दे. हा बोलला का मला? माझ्या दाराच्या किल्ल्या परक्या माणसाला द्यायचं कबूल करताना ह्याच्या तोंडाला काय झालं होतं? हालू दे, जाऊ दे खड्ड्यात. आणि त्या खड्ड्यात आपणही जाऊ हे तिला समजत होतं, समजूनही ती आरशाकडे बघत बसली, दातावर दात ठेवून. समोरून उसाचा ट्रक येत होता.

आनंदराजला ते उशिरा जाणवलं. त्यानं ब्रेक दाबला, तसं मागचं धूड अख्ख्या पिकअपलाच हिसका देऊन ढकलायला लागलं. मग त्यानं पाय उचलला, चाक नुसतं घट्ट धरून ठेवलं. ट्रक हॉर्न देत निघून गेला. गाडी आपोआप मंदावली, आणि अहमदपूरच्या अलीकडे एका बंद ढाब्याच्या आवारात त्यानं ती घातली.

"तू आरशात बघत होतीस ना?"

"हो."

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही कुठं सगळं बोलता," ती म्हणाली. पण तो उतरूनसुद्धा गेला होता, टाकीचं बूच काढायला.

पाणी मातीत पसरत गेलं. तो उकिडवा बसून त्याकडे बघत होता, आणि जिवावरचं टळल्यावर माणूस बडबडतो तसा बडबडत होता. "तुझ्यामुळंच सुचलं हे मला, मनिषा. तूच तर सांगायचीस. दिवाळी झाली की तुम्ही सगळे बैलगाडीला भांडी बांधून निघायचात, दरसाल नवा कारखाना, नवं गाव. झोपल्या झोपल्या छपरातून चांदण्या दिसायच्या. तेव्हाच मनाशी म्हटलं, रिटायर झालो की हिला तसं फिरवायचं. डब्याच्या छताला काच उगाच बसवली का मी?"

काच. चांदण्यांसाठी. तिला हसू आलं असतं, पण राग इतका वर आला होता की हसायला जागाच नव्हती. सांगायची ती – प्रियदर्शनीला झोपवताना, सासरच्या बायकांत बसल्यावर, लग्न नवं होतं तेव्हा ह्यालासुद्धा – ऊसतोडीचे दिवस, बैलांच्या घुंगरांचा आवाज, कोवळ्या उसाचा रस, आई धुरपता कोयत्यानं कांडी तासून द्यायची ते. गोडच सांगायची. मग काय कडू सांगायचं होतं? शाळेतल्या बाई झालेल्या पोरीनं काय सांगायचं? की राहायला पाचटाची कोपी असते, वाकून आत शिरायचं. की आईबाप अंधारातच फडात जातात आणि धाकट्या भावाला, सुगतला, घेऊन आपण उरतो. की कोपीच्या पुढून माणसं जातात, थांबतात, आत बघतात... सातवीला किनवटच्या वसतिगृहात गेली तेव्हा पहिल्या रात्री तिनं उठून दाराची कडी तीनतीनदा चाचपली होती. आतून लावायची कडी. तिच्या नांदेडच्या दाराला सागवानी चौकट आहे आणि वीतभर लांब पितळी कडी आहे, मिस्त्री म्हणाला एवढी कशाला, बाई. आणि ह्या डब्याच्या दाराला प्लास्टिकचा खटका. सकाळी तिनं हात लावला तर खुळखुळला.

"चल," आनंदराज हात झटकत म्हणाला. "पुढं भिंत आहे, मागंच घ्यावं लागेल. ह्याचं उलट असतं बघ, चाक इकडं फिरवलं की ते तिकडं जातं. मला मागचं दिसणार नाही. तू उभी राहा. आज गार्ड तू."

ती मागे गेली. आवाराच्या तोंडाशी अरुंद पुलाचा तुकडा होता, दोन्हीकडे नाली. तिथे ती उभी राहिली. पांढरा पत्रा तिच्याकडे सरकायला लागला.

"येऊ द्या," ती म्हणाली. "डावीकडं. येऊ द्या... येऊ द्या..."

मग ती थांबली. आवाज थांबला तसा डबाही थांबला, तिच्यापासून दोन हातांवर. इंजिन चालू होतं.

"काय झालं?" पलीकडून आवाज आला.

"घर भाड्यानं दिलं ना तुम्ही?"

मग दार उघडल्याचा आवाज. तो खाली उतरला नसावा, नुसता बाहेर डोकावला असावा. "तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं. हे विचारलं त्यानं. मनिषाला वाटलं होतं की आता आपण ओरडू, रस्त्यावरची माणसं बघतील इतकं ओरडू. पण तोंडातून आलं ते वसतिगृहात सोडून दिलेलं, आईचं बोलणं, आणि तेही अगदी हळू, की त्याला इंजिन बंद करावं लागलं.

"कोपीला दार नसतंय. तुमाला म्हाईत हाय का? आत सुगत निजायचा, मी दाराच्या जागी आडवी पडायची. न्हाई झोपले मी कदी. चांदण्या दिसायच्या, ते जागी होते म्हणून."

पत्र्याच्या पलीकडचा त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता आणि तो बघायची तिला गरजही वाटत नव्हती. नेहमी आधी तो बघायची, मग आपलं बोलणं त्या मापाचं कापायची... राग तसाच होता, तसूभरही कमी नाही. पण आता तो पायांत उतरला होता आणि पाय जमिनीवर घट्ट होते.

तो म्हणाला, "मनिषा. मागं येऊ का?"

हे त्यानं खरंच विचारलं होतं. ती पुलाच्या मधोमध उभी राहिली, कोपीच्या दाराच्या जागी आडवी पडायची तशी, रस्ता अडवून.