पंपालाही तहान लागते

मित्रांनो, मी एक जुने हृदय आहे. वय एकसष्ट, आकार मालकाच्या मुठीएवढा आणि मुक्काम छातीत, मधोमध पण किंचित डावीकडे. माझा मालक पाण्याचे पंप दुरुस्त करतो. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. पण खरा पंप तर मीच आहे की!

मालक आईच्या पोटात होता, त्याला धड नाक-डोळेही नव्हते, तेव्हाच मी कामाला लागले. कोणी बटण दाबले नाही की किल्ली दिली नाही. तेव्हापासून दिवसाला सुमारे एक लाख ठोके! रविवारची सुट्टीसुद्धा नाही.

माझ्या घरात चार खोल्या आहेत. अंगभर राबून दमलेले रक्त शिरांमधून उजव्या खोल्यांत येते. ते मी फुप्फुसांकडे धाडते. तिथे प्राणवायू घेऊन ते ताजेतवाने होते आणि डाव्या खोल्यांत येते. मग मी अंग आवळून असा जोर लावते, की ते धमन्यांतून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचते! खोल्यांच्या झडपा एकाच बाजूला उघडतात, त्यामुळे रक्ताला मागे फिरता येत नाही. त्या झडपा बंद होण्याचा आवाज म्हणजेच तुमची ती धक-धक.

मिस्त्रीची पंप तपासायची रीत मोठी मजेशीर. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक तो पंपावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि म्हणतो, "बोल बाबा, काय दुखतंय?" त्याची मुलगी त्याच्याच हाताखाली तयार झाली. तिला त्याने पहिला नियम शिकवला, "आवाज बदलला, की आधी बटण बंद. चर्चा मागाहून." साऱ्या गावाचे पंप त्याने ऐकले, फक्त माझे ऐकायला त्याला सवड नव्हती. मला भारी राग यायचा!

जेवणाची वेळ नाही आणि वर सिगारेट. जिना चढताना त्याची छाती भरून यायची. मुलगी मागे लागायची, "बाबा, एकदा दाखवून या ना."

"अगं, हृदय म्हणजे पंपच. पंपाच्या पोटातच पाणी. त्याला कसली तहान?" तो हसून उडवून लावायचा.

मित्रांनो, मिस्त्री चुकला तो इथेच. माझ्या खोल्यांतले रक्त सगळ्या अंगासाठी असते. माझी स्वतःची भूक भागते ती माझ्या अंगावरून जाणाऱ्या बारीक धमन्यांनी. त्यातलीच एक आतून चरबी साचून अरुंद होत चालली होती.

एका सकाळी तळघरातला पंप सुरू करून तो मुलीसोबत जिना चढत होता आणि माझी ती धमनी गच्च बंद झाली. मी तडफडले! त्याला दरदरून घाम फुटला, कळ डाव्या हातात उतरली.

"पित्त झालंय गं. पाणी दे, पुढच्या कामाला निघू."

मुलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले मात्र, हातातली हत्यारांची पिशवी खाली टाकली. "आवाज बदललाय, बाबा. बटण बंद! इथेच बसायचं, एक पाऊल टाकायचं नाही." आणि तिने लगेच रुग्णवाहिकेला फोन लावला. स्वतःच्याच नियमात मिस्त्री बरा सापडला!

डॉक्टरांनी मनगटातून एक बारीक नळी आत सरकवली, ती थेट माझ्यापर्यंत! इवल्याशा फुग्याने वाट रुंद केली, जाळी बसवली आणि रक्त आले हो आले! मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

माझे चित्र दिसत होते त्या पडद्याकडे बघत मालक पुटपुटला, "डॉक्टर, हे तर आमचंच काम. तुंबलेला पाइप मोकळा केलात."

"हो, पण तुम्ही पंप बंद करून दुरुस्त करता. आम्हाला हा चालू ठेवूनच करावा लागतो."

माझा एक लहानसा कोपरा मात्र कायमचा दमला. तो आता पूर्वीसारखा आवळत नाही, याचे वाईट वाटते. म्हणून सांगते मित्रांनो, रोज खेळा, पळा, तंबाखूच्या वाऱ्याला उभे राहू नका. आणि घरातले मोठे माणूस जिन्यात छाती धरून थांबले, तर त्याचे 'पित्त आहे' ऐकून घेऊ नका.

मिस्त्री पुन्हा कामावर आला, तेव्हा त्याच जिन्यात मध्येच थांबला. मुलगी दचकली. त्याने दोन बोटे मनगटावर ठेवली, डोळे मिटले आणि हळूच म्हणाला, "बोल बाबा, काय दुखतंय?"

एकसष्ट वर्षांत मला हे पहिल्यांदाच कोणी विचारले होते. मी भरभरून बोलले.

"काय म्हणतोय?" मुलीने विचारले.

"म्हणतोय, हळू चढ. मी आहे."