कमान कापली त्या दिवशी

एकोणीस वर्षं मी कारखान्यात मिलिंग मशिनवर काढली. धातूच्या आठ किलोच्या ठोकळ्यातून एक किलोचा भाग कोरायचा, बाकी सगळा चुरा. हात असा बसला होता की साहेब पाहुण्यांना माझ्याच मशिनपाशी आणून उभे करायचे. मग धाकटी जाऊ कामाला लागली. मीच चिकटवली तिला, कुठून बुद्धी झाली कोण जाणे! तिला मिळालं नवं मशिन. तार वितळवून थरावर थर चढवायचा, लागेल तेवढाच धातू, आतून पोकळ, वजनाला हलका. आता पाहुणे तिच्याकडे आणि मी करवतीवर. तिने लोखंडी प्लेटवर उभारलेले भाग कापून सुटे करायचे, एवढंच माझं काम.

घरीही तेच. सासूबाई तिला विचारणार, आज काय बनवलंस गं. मला विचारणार, भाजीत मीठ घातलंस ना. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

परवा तिने विमानाच्या सीटखालची कमान केली. ही पास झाली की विभागप्रमुख तीच, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं. थर चढताना धातूत ताण राहतो, म्हणून प्लेटसकट भट्टीत तापवून मगच कापायचं. आमच्याकडची रीत अशी की करवतीवरच्या माणसाने आधी विचारायचं, भट्टीतून आली का? उत्तर मिळाल्याशिवाय पातं लावायचं नाही.

प्लेट लखलखीत होती, भट्टीतून आलेली काळपट असते. घाईगडबडीत ही बया विसरली होती. मला दिसलं आणि मी विचारलं नाही. मुद्दाम. कमान सुटली तशी दोन्ही टोकं वर उचलली गेली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

साहेब आले. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "ताईंनी विचारलं होतं. मीच हो म्हणाले."

साहेबांनी वाकडी कमान उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाले की रीत पाळणारं माणूसच प्रमुख हवं, आणि माझं नाव घेतलं. मी मान खाली घालून हो म्हटलं.

हात धुताना तिला विचारलं, असं का केलंस.

"तुम्हाला हवं होतं ना, ताई?" एवढंच म्हणाली आणि टॉवेल माझ्या हातात दिला.

खुर्ची माझी झाली. तीसुद्धा तिनेच दिलेली, आणि जळतेय अजून मीच.